गाठीचं तूप

१२ जानेवारी १९५८, रविवार

मन्नारगुडीचा माणूस आला होता. मागच्या वर्षी काखेत लिंबाएवढी गाठ घेऊन आला होता, तोच. आज हात वर करून दाखवला – काही नाही. साफ. नारळांचा घड तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, ठेवला आणि ह्यांच्या पाया पडायला वाकला. हे म्हणाले, "माझ्या नको, तुपाच्या पड." तिण्णैवर बसलेले सगळे पेशंट हसले.

तूप माझ्या हातचं. रीत मामंजींची, बिब्बे निवडून आणायचे ह्यांनी, पण चुलीपुढे मी. बिब्ब्याचं तेल उडालं की कातडी सोलून निघते. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. दुसऱ्या कुणाला मी कढईजवळ फिरकू देत नाही. तंजावरच्या ह्या मेलवीदीत वैद्य पुष्कळ आहेत, गाठीचं तूप आमच्याच घरात. इथले लोक बिब्ब्याला सेरांकोट्टै म्हणतात आणि ह्यांना सेरांकोट्टै रायर, म्हणजे बिब्बेराव. नवी नवरी होते तेव्हा ते ऐकून मला राग यायचा. आता बाजारात कुणी "सेरांकोट्टै रायरच्या घरच्या" म्हणून वाट करून दिली की मी जरा सावकाशच चालते.

१५ जानेवारी

पोंगल झाला. दारातले ऊस अजून काढले नाहीत.

पापनाशमहून अलमेलु आली होती. तिथल्या शाळेतले वेंकटरमण वाध्यार, म्हणजे मास्तर, त्यांची बायको. दसऱ्यापासून तूप घेते आहे, दुधातून. मीठ बंद, चिंच बंद – पथ्य अगदी काटेकोर. गाठ उजव्या छातीत. हे तिला बघत नाहीत, बायकांचं आतल्या खोलीत मीच बघते आणि बाहेर येऊन ह्यांना सांगते. असंच चालत आलंय – सासूबाईसुद्धा मामंजींना असंच सांगायच्या.

"मऊ वाटते ना, अक्का?" तिनं विचारलं.

मला वाटली नाही. ह्यांना तसं सांगितलं. "हलते का?" – थोडीशी. "कातडी ओढली गेलीय?" – नाही. बराच वेळ विचार करून म्हणाले, आणखी थोडे दिवस बघू.

३ फेब्रुवारी

जेवताना ह्यांना रसम झोंबलं. जिभेच्या डाव्या कडेला फोड आलाय. "दाताखाली आली असेल जीभ." पान-तंबाखूचा विडा नेमका त्याच गालात असतो. उद्या मणत्तक्काळीची, म्हणजे कामोणीच्या पाल्याची, भाजी करते, नारळाच्या दुधात. इथे तोंड आलं की घरोघर तीच करतात.

२० फेब्रुवारी

फोड तसाच.

९ मार्च, रविवार

आज हे आरसा घेऊन तिण्णैवर उन्हात बसले. लोकांना बसवतात तसेच, जीभ बाहेर काढून. बराच वेळ बघत होते. मग मला हाक मारली. "बोट लाव. कडेला."

लावलं. जुन्या सुपारीसारखी कड. मी घाबरून बोट मागं घेतलं, तर म्हणाले, "नीट बघ. कशासारखी वाटते?"

आजवर मी ह्यांना सांगायची आणि हे ठरवायचे. कशासारखी वाटते, हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अलमेलुच्या गाठीसारखी."

ह्यांनी आरसा पालथा ठेवला. मग म्हणाले, "बरोबर सांगितलंस. दोन्ही एकच."

१० मार्च

भावजींना – सेतुमाधवांना – सांगितलं. ह्यांचे धाकटे भाऊ, कलेक्टर कचेरीत आहेत, पलीकडच्याच घरात राहतात. ऐकून पांढरे पडले. मग एकदम रागावले.

"अण्णा, तूप घ्या ना. अख्ख्या जगाला देता."

"तूप गाठ बसवतं," हे म्हणाले. "ज्या बसणाऱ्या असतात त्या. ही त्यातली नाही."

"हे तुम्ही आजवर कुणाला सांगितलं नाहीत."

"आजवर माझ्या तोंडात नव्हती."

  हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. लाज नव्हती. हिशेब चुकला आणि तो कुठे चुकला हे सापडलं की माणूस जसा दिसतो, तसे दिसले.

मग मद्रासचं बोलणं झालं. तिथे कर्करोगाचं वेगळं इस्पितळ आहे, रेडियम वापरतात. भावजी म्हणाले, "जा. जायलाच पाहिजे. पण लोकांना नको सांगायला. रामेश्वरला गेलेत म्हणतो मी. गाठीच्या वैद्यालाच गाठ – हे गावात फुटलं तर ह्या तिण्णैवर कुत्रंसुद्धा बसणार नाही. आजोबांपासूनचं नाव आहे, वहिनी, तुम्ही तरी सांगा."

 खरं तर मलाही वाटलं – रामेश्वर म्हणायला काय हरकत आहे.

१३ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सकाळी तिण्णै भरलेली. ओरत्तनाडूचे शेतकरी, दोन मुसलमान बायका, तंतुवाद्यं करणारे एक आसारी, आणि आत माझ्याजवळ अलमेलु. तिचे वाध्यार बाहेर खांबाला टेकून. हे बाहेर आले आणि बसलेच नाहीत. उभ्यानं बोलले, तमिळमध्ये, नेहमीच्याच आवाजात. काय तो आवाज – वैद्य झाले नसते तर हरिकथा केली असती असं सगळे म्हणतात.

म्हणाले, "माझ्या जिभेला कॅन्सर झालाय असं मला वाटतं. मी मद्रासला जातोय. घरात तुपाची बरणी काठोकाठ भरलेली आहे, आणि तरी मी मद्रासला जातोय. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या."

मग समजावून सांगितलं. जी गाठ मऊ आहे, बोटाखाली सरकते, दुखते, तापाबरोबर आली – तिला तूप चालेल. जी टणक आहे, वाढत जाते, दुखत नाही, जागची सरकत नाही – तिनं माझी वाट बघू नये. "मी तुम्हाला आशेनं थांबवलं. स्वतःला थांबवणार नाही, मग तुम्हाला कसा थांबवू?"

एक म्हातारा उठून चालता झाला. जाताना काहीतरी पुटपुटला. आसारी रडायला लागले – त्यांचा तर गुडघा दुखत होता नुसता.

हे आत आले. माजघराच्या दाराशी थांबले, खाली बघत. अलमेलुला म्हणाले, "अम्मा, तुम्हीही चला. आमच्याबरोबर."

ती माझ्याकडे बघायला लागली. वाध्यार धावत आत आले. "रायर, तिथे कापतात."

"कापतात. मलाही टोचणार आहेत." आणि हसले. "आपण सगळे मिळून भिऊ या."

भावजी अंगणात उभे राहून सगळं ऐकत होते. तसेच कचेरीत निघून गेले.

आणि मी? मी आत येऊन चुलीपुढे बसले आणि मला रडू यायला हवं होतं ते आलंच नाही. छाती भरून आली ती वेगळ्याच कशानं. माझ्या बाबांनी जावई शोधताना वर्षभर पायपीट केली होती. कुंभकोणम, तिरुवारूर, मदुरा. आज त्यांना सांगावंसं वाटलं – पाय दुखले ते वाया गेले नाहीत.

१९ मार्च

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. आम्ही दोघं, अलमेलु आणि वाध्यार. स्टेशनवर भावजी आले. दही-भाताचा डबा दिला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आतलं तूप कुणाला देऊ नका असं सांगितलंय ना अण्णांनी? मग मी कुलूप लावतो." एवढंच. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

२४ मार्च, मद्रास

दोघांचेही तुकडे काढून तपासले. दोघांचाही कॅन्सरच.

इथे एक डॉक्टरीणबाई आहेत. उंच, खादीची साडी, केस पिकलेले. ह्यांना विचारलं, "काय करता?" हे म्हणाले, "वैद्य आहे. गाठींचाच." मला वाटलं आता हसणार. हसल्या नाहीत. चष्मा काढून ह्यांच्याकडे बघितलं.

"वैद्यांकडून पेशंट माझ्याकडे येतात," त्या म्हणाल्या, "पण सगळं संपल्यावर येतात. तुम्ही वेळेवर आलात. आणि आणखी एकीला घेऊन आलात."

मी हे जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द वाढवलेला नाही.

पान-तंबाखूचं विचारलं. ह्यांनी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली, देवापुढे ठेवावी तशी. बाई म्हणाल्या, "इथे नको. बाहेर टाका."

२ एप्रिल

अलमेलुचं ऑपरेशन झालं. मी तिच्या उशाशी. शुद्धीवर आल्यावर पांघरुणाखालून हात फिरवला, थांबली.  मग म्हणाली, "अक्का, आता पोलकी शिवायला कापड कमी लागेल."

मी हसले. ती पण हसली, आणि टाके ओढले म्हणून कळवळली. वाध्यार बाहेर विष्णुसहस्रनाम म्हणत बसले होते. त्यांना वाटलं आत काही भलतंच झालं.

५ एप्रिल

ह्यांच्या जिभेत रेडियमच्या सुया घातल्या. जवळ जायचं नाही. दारातूनच बघायचं, तेही क्षणभर. तोंडातून दोरे लोंबताहेत, गालाला चिकटवलेले. प्रत्येक सुईला एक दोरा, हरवू नये म्हणून. माझा माणूस आणि तोंडातून दोरे.

मला बघून हात वर केला. मी पण केला. नर्सनं दार लोटलं.

१८ एप्रिल

सुया काढून काही दिवस झाले, पण आता तोंड सोललंय. जीभ, गाल, सगळं पांढरं-लाल. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांतून पाणी. खाणं नाहीच. माणूस निम्मा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे होतंच, धीर धरायचा. आम्ही रोगाला जाळतो, थोडं घरही जळतं.

धीर धरायचा म्हणजे काय करायचं? मी इस्पितळाच्या मागं गेले. धोबी कपडे वाळवतात तिथे भिंतीच्या कडेला मणत्तक्काळी माजलेली. काळी फळं, कोवळा पाला. मी पदरात खुडला. वाध्यारांना ज्येष्ठमध आणि गाईचं तूप आणायला पाठवलं. ज्या ओळखीच्यांकडे उतरलोय त्यांच्या चुलीवर तूप सिद्ध केलं. पाला वाटून, ज्येष्ठमध घालून, मंद आचेवर. इथे बिब्बा नाही, उडायचं काही नाही – तरी सवयीनं मी पदर मनगटावर ओढून घेतला होता.

मग सरळ डॉक्टरीणबाईंकडे. वाटी पुढे ठेवली. काय काय घातलंय ते सांगितलं.

"बिब्बा?" त्यांनी विचारलं.

"तोंडात बिब्बा घातला तर मी खुनी ठरेन."

त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला. चाखलं. म्हणाल्या, "ह्यानं कॅन्सर बरा होतो असं कुणाला सांगणार नसाल तर लावा."

"नाही सांगणार."

"ह्या वॉर्डात कुणालाही?"

"कुणालाही नाही."

२७ एप्रिल

आज पेज प्यायले. वाटीभर! मी वाटी उलटी करून नर्सला दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंड बघितलं. "छान भरतंय." मी वाट बघत उभी. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या तुपानं की नुसत्या दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही. एकावरून सांगता येत नाही. पण माणूस जेवतोय." आणि रीत विचारून घेतली, स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. शेजारच्या खाटेवरच्या सेलमच्या माणसालाही लावा म्हणाल्या.

जाता जाता म्हणाल्या, परदेशात कुणी सदाफुलीच्या पानांवर प्रयोग करताहेत, रक्ताच्या कॅन्सरसाठी काही निघेल असं वाटतंय. आपली सदाफुली – इथे नित्यकल्याणी म्हणतात, आमच्या विहिरीच्या काठाला तणासारखी वाढते, मी उपटून टाकते. मी म्हटलं, "मग आम्हीच का नाही करायचं?" त्या म्हणाल्या, "करा की. पण पानं चघळून नाही. हजार माणसं मोजून."

हे खाटेवरून ऐकत होते. बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ही माझी बायको – असं. मी इकडे तिकडे बघायला लागले. वॉर्डभर माणसं.

११ मे

घरी. भावजींनी तिण्णै सारवून ठेवली होती, दारात कोलमची रांगोळी.

तिण्णैवर कुणी नाही.

२९ मे

भावजी म्हणाले ते खरंच झालं. सकाळ गेली, कुणी नाही. दुपारी तिरुवैयारूचा एकजण आला, पाठदुखीचा. ह्यांनी विचारपूस सुरू केली. जीभ आता वळत नाही, कडक झालीय, शब्द चिकट होतात. 'र' तर येतच नाही. तो माणूस थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग मला म्हणाला, "वैद्यरांनी काही घेतलंय का?"

हे उठून आत गेले. माजघरात भिंतीकडे तोंड करून बसले. ज्या आवाजासाठी लोक थांबायचे तो आवाज.

मी बाहेर गेले. त्या माणसाला बसवलं. म्हटलं, "घेतलंय. रेडियम. तुम्ही घेऊन बघाल?" मग पाठ कुठे दुखते ते विचारलं, आत जाऊन ह्यांना सांगितलं, ह्यांनी सांगितलेलं बाहेर येऊन सांगितलं. तीनदा आत-बाहेर झालं तेव्हा हेच उठून माझ्या मागे येऊन बसले.

मी ह्यांचं सगळं बोलणं समजते. एक शब्द सुटत नाही.

१४ जून

अलमेलु आली. बसनं, एकटी. औषध काही नको, दुखत काही नाही. नवी जरीची साडी नेसून सकाळपासून तिण्णैवर बसून राहिली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला बोलावून घेत होती. "मला छातीत कॅन्सर होता. रायर वैद्यरांनी बरा केला."

हे अस्वस्थ. मला खूण केली – सांग तिला. मी सांगितलं, "अलमेलु, डॉक्टरांनी बरा केला. खोटं नको."

"कापला डॉक्टरांनी," ती म्हणाली. "पण मला तिथे नेलं कुणी? तुमच्या त्या बाकीच्या वैद्यांनी?" आणि पुन्हा रस्त्याकडे वळली.

संध्याकाळच्या बसपर्यंत बसली होती. जाताना सहा बायकांची नावं सांगून गेली, ह्या येतील म्हणून.

३ ऑगस्ट

आज आडी अठरा, नदीच्या पुराच्या पूजेचा सण. नद्या दुथडी. घाटावर बायकांची झुंबड, पिवळे दोरे, चित्रान्न. पूजा करून बायका ओल्या साड्यांनी आमच्याकडेच आल्या. तिण्णै पुरली नाही, अंगणात बसल्या. भावजींनी सतरंजी आणून दिली – न सांगता.

आता रोजचंच झालंय. बायका येतात त्या मला दाखवायला. पुरुषाला दाखवावं लागत नाही हे कळलंय. आणि इथे खरं सांगतात हेही.

हल्ली हे मला नाडी शिकवतात. माझी तीन बोटं पेशंटच्या मनगटावर, ह्यांची तीन बोटं माझ्या बोटांवर. दाब हलका, मग जड. वात, पित्त, कफ – पुस्तकात साप, बेडूक, हंस म्हणून सांगितलेलं सगळं. मला पहिले कित्येक दिवस नुसतं धडधड कळायचं. आज एकदम कळलं. बोटाखाली काहीतरी सरपटलं. मी वर बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते. कळलं हे त्यांना माझ्या बोटांतूनच कळलं.

१९ सप्टेंबर

भावजी आपल्या सासूबाईंना घेऊन आले. गळ्याला गाठ. "वहिनी, तुम्ही बघा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. भावजी म्हणाले, "अण्णांना माहीत आहे. मी तुम्हालाच म्हणतोय."

मऊ. सरकते. ताप होता. तूप देते म्हटलं, कांचनाराची साल पण. पंधरवड्यात बसली नाही तर मद्रास. सासूबाई म्हणाल्या, "मद्रास कशाला?" भावजी म्हणाले, "वहिनींनी सांगितलं म्हणून."

आज कोळंबूत, चिंचेच्या आमटीत, मीठ जास्त पडलं. कुणी काही बोललं नाही, पण पडलंच होतं. माझं लक्ष कुठे होतं चुलीवर.

६ ऑक्टोबर

भावजींच्या सासूबाईंची गाठ बसली.

२२ नोव्हेंबर

ओरत्तनाडूची राजम म्हणून एक पोर. लग्नाला वर्ष नाही. छातीत टणक. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली. मी हात धुतले आणि सांगितलं. कसं सांगायचं ते ह्यांनी शिकवलंय – आधी बसायचं, मग तिचा हात धरायचा, मग सरळ सांगायचं, मधे थांबायचं नाही. आणि सांगून झालं की उठून जायचं नाही.

बसले. पोर खूप रडली. मग म्हणाली, कधी जाऊ? मी म्हटलं उद्या. डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली.

तिला वाचवेन असं मी म्हटलं नाही. तरी ती गेल्यावर मला अभिमान वाटला. कशाचा ते नीट सांगता येत नाही. पूर्वी ती तूप घेऊन घरी गेली असती आणि मीही खूश, तीही खूश.

१ जानेवारी १९५९

मद्रासला तपासणी. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली – स्वच्छ. म्हणाल्या, मानेकडे लक्ष ठेवा. तुमच्याकडून आलेल्या सगळ्यांचा एक तक्ता केलाय, त्या म्हणाल्या, आणि इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलाय. "तंजावरहून बायका लवकर येतात, असं का, म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तिथे एक घर आहे."

एक घर आहे. परतीच्या गाडीत मी हे दोनदा म्हटलं. हे चिकट आवाजात म्हणाले, "झोप आता."

२ फेब्रुवारी

पाटी रंगवणारा आला होता. मी स्वयंपाकघरात. बाहेर गलका कसला म्हणून बघते तर शिडीवर तो, शिडी धरून भावजी, आणि खाली उभे राहून हे हातवारे करताहेत – अजून मोठं, अजून मोठं. जुन्या पाटीवर मामंजींचं नाव, खाली ह्यांचं. त्याच्याखाली माझं, तमिळमध्ये, त्याच मापाची अक्षरं: वैद्यर अंबुजाबाई.

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. भावजी शिडी धरूनच म्हणाले, "काय म्हणायचं ते मागच्या वर्षीच म्हणून झालंय."

रंग वाळेपर्यंत मी चारदा बाहेर जाऊन आले. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते.

८ मार्च, रविवार

सगळे पेशंट गेल्यावर हे माझ्या मागून उठले आणि समोर, पेशंट बसतात तिथे, जाऊन बसले. मनगट पुढे केलं. मला वाटलं परीक्षा घेताहेत. बोटं ठेवली. मग त्यांनी हनुवटी वर केली. डाव्या जबड्याखाली. टणक. सरकत नाही.

"सांगा, वैद्यरम्मा," म्हणाले.

मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं.